अर्जातली ‘लीडर’ आणि अंगणवाडीतली वही

अमेरिकेत वर्षभर शिकायला जायच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रश्न होता नेतृत्वाचा, आणि मी दोन पानं भरली होती. जिद्दी, मेहनती, समाजाची तळमळ असलेली. शिवाय कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाची सचिव. बार्शीच्या आमच्या इंग्रजीच्या सरांनी ते वाचलं आणि पेन्सिलीने एकेका विशेषणावर काट मारत गेले. शेवटी उरलं माझं नाव आणि सचिवपद. सर म्हणाले, “सचिव होतीस, बरं. पण केलंस काय?”

जे करत होते ते लिहिण्यासारखं असतं हेच मला माहीत नव्हतं. आई अंगणवाडी सेविका. संध्याकाळी त्याच खोलीत मी चौथी-पाचवीच्या मुलींना गोष्टींची पुस्तकं वाचायला बोलवायचे. पहिल्या आठवड्यात ११ मुली आल्या, तिसऱ्या आठवड्यात ४. घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं, त्या वेळी धाकट्या भावंडांना सांभाळायला दुसरं कोणी नसतं. मग भावंडांनाही आणा म्हटलं, एका कोपऱ्यात पाट्या आणि खडू ठेवले, आणि मुली परत यायला लागल्या. सरांनी मला तेवढंच लिहायला लावलं. मुलाखतीतही त्याच्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. काय फसलं, का फसलं, मग काय बदललंस. सचिवपदाबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही.

मी गेले ती योजना म्हणजे कम्युनिटी कॉलेज इनिशिएटिव्ह. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पैशाने ती २००७ साली सुरू झाली. भारतात तिचे अर्ज युसीफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) घेत असे. भारत आणि अमेरिका सरकारांच्या करारातून १९५० साली सुरू झालेली, फुलब्राइट शिष्यवृत्त्या देणारी हीच ती संस्था. विमानभाडं, फी, राहणं, विमा, महिन्याचा खर्च असं सगळं मिळालं. मुदत एक शैक्षणिक वर्ष. शाळकरी मुलांसाठी केनेडी-लुगर येस नावाची वर्षभराची योजना आहे, आणि पदवीच्या विद्यार्थी-नेत्यांसाठी स्टडी ऑफ द यू. एस. इन्स्टिट्यूट्स ही काही आठवड्यांची. कोणत्या वर्षी कोणती योजना चालू आहे आणि कोणत्या देशाला खुली आहे हे बदलत राहतं, म्हणून ते त्या त्या योजनेच्या संकेतस्थळावरच तपासा. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या दारात उभे राहू नका. अर्जाला फी नसते.

आता दोन गोष्टी, ज्या घरात आधीच स्पष्ट बोलून घ्या. पहिली, या वर्षाची पदवी मिळत नाही. मिळतं ते प्रमाणपत्र, आणि तिथले क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) आपलं विद्यापीठ धरेलच असं नाही. माझी मैत्रीण पदवीधर झाली तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला बसत होते. दुसरी, जे-१ व्हिसावर, म्हणजे अशा देवाणघेवाणीच्या योजनांच्या व्हिसावर, सरकारी खर्चाने जाणाऱ्याला परतल्यावर दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात. त्याआधी नोकरीचा एच व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून जायला मात्र ही अट आड येत नाही. आमच्याकडे मामांनी हे अर्धवट ऐकलं आणि “पोरीला दोन वर्षं बंदी घालतात” असं गावभर झालं.

आणखी एक, आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी खास. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव निराळ्या पद्धतीने असू शकतं. अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहा, आणि पासपोर्ट निवड होण्याआधीच काढून ठेवा.

माझं कॉलेज आयोवात होतं. चहूकडे मक्याची शेतं, आणि जानेवारीत पापण्यांवर बर्फ. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, गावाजवळचं, कमी फीचं कॉलेज. माझ्या बाकावर कधी १९ वर्षांचा मुलगा असायचा, कधी रात्रपाळी करून आलेली दोन लेकरांची आई, कधी सैन्यातून परतलेला माणूस. विद्यापीठ नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. अमेरिका मला त्या बाकांवर कळली.

शिक्षण मी बालशिक्षणाचं घेतलं. पहिल्याच निबंधावर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मी पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. आपल्याकडे गाईडमधून लिहायची सवय. तिथे ती चोरी समजतात. बाईंनी उतारा कुठून घेतला ते कसं सांगायचं हे तासभर बसून शिकवलं. म्हणून शिक्षकांची ऑफिसची वेळ पहिल्या आठवड्यातच टिपून ठेवा आणि जा. वाट बघत बसतात ते, आणि येत कोणीच नाही.

मग निरीक्षणाची वही आली. पाळणाघरात मागे बसायचं, एका मुलाकडे दहा मिनिटं बघायचं आणि लिहायचं. मी लिहिलं, ‘मुलगा हट्टी आहे.’ बाईंनी ते खोडलं. हट्टी हे तुझं मत, त्याने केलं काय? पुन्हा बघितलं. त्याने लाल ठोकळा तीनदा मागितला, चौथ्यांदा ओढला. सर आठवले. वही मिटून मी थोडा वेळ तशीच बसले.

अभ्यासाबरोबर समाजसेवेचे तासही भरावे लागतात. मी गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकेत डबे निवडायचे, मुदत संपलेले बाजूला. सोबत इजिप्त, इंडोनेशिया आणि पाकिस्तानच्या मुली. चौघींचा एकच फ्लॅट, आणि भात शिजवण्याच्या चार पद्धती. भाकरीची आठवण असह्य झाली तेव्हा दुकानात ग्लुटेनमुक्त पदार्थांच्या फळीवर महागडी पिशवी सापडली, वर ‘सॉर्घम’. आपली ज्वारी! सिंधच्या मुलीने माझ्याआधी भाकरी थापून दाखवली.

परतल्यावर काय करणार, याचा आराखडा तिथेच लिहून घेतात. मोठमोठं लिहू नका, ते निभावायचं तुम्हालाच असतं. माझ्या आराखड्यात एक अंगणवाडी होती, आईची, आणि प्रत्येक मुलाची एक वही. आईला सुरुवातीला ते वाढीव काम वाटलं, आणि ते होतंच. तिच्याकडे वजनाची, आहाराची, लसीकरणाची रजिस्टरं आधीच ढीगभर. म्हणून दिवसाला एकच मूल, चार ओळी, असं ठरवलं. पहिल्या महिन्यात तिने एका मुलीबद्दल ‘अबोल’ लिहिलं होतं. दुसऱ्या महिन्यात त्याच पानावर तिचं अक्षर होतं: ‘आज बाहुलीशी बोलली. मी जवळ गेले तर थांबली.’