चिअरलीडिंगचा खर्च असा आटोक्यात आणला

आम्ही अमेरिकेत राहतो. इथे मुलगी एका जिमच्या स्पर्धात्मक चिअर टीममध्ये (स्पर्धांत चिअरलीडिंग करणाऱ्या संघात) निवडली गेली आणि खर्चाचा कागद हातात आला. मासिक फी त्यातली सर्वांत सोपी बाब. खरा फटका बसतो तो गणवेश, नृत्यरचना, संगीत, प्रवेशशुल्क आणि प्रवासाचा.

सगळ्यात आधी जिमच्या मॅनेजरला थेट विचारलं, "वर्षाची फी एकरकमी भरली तर किती सोडाल?" सूट मिळाली. भावंडांसाठीची सवलतही होती, पण ती कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती! मागितल्याशिवाय कोणी देत नाही. गणवेश नवा न घेता, ज्या मुलीला तो लहान होऊ लागला होता तिचा जुना घेतला. बाहीची शिवण थोडी आत घेतली, चमकीचे चार खडे पुन्हा चिकटवले, झालं. बूट मात्र नवेच घ्यावेत, स्टंट करताना पकड महत्त्वाची.

काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावं लागतं. तिथे दोन कुटुंबांनी एक खोली वाटून घेतली.

निधीसाठी चॉकलेटं विकण्यात फार राम नाही, विक्रीच्या पैशांचा मोठा वाटा चॉकलेटं पुरवणाऱ्या कंपनीकडेच जातो. गाडीधुलाई आणि दुकानदारांचं प्रायोजकत्व बरं. पण इथे अमेरिकेत एक खाच आहे: टीमसाठी निधी जमवणाऱ्या करमुक्त पालक-मंडळाने ज्याने जितकं जमवलं तितकं त्याच्याच फीतून वजा केलं, तर करमुक्ती जाऊ शकते, 2013 साली कर-न्यायालयाने एका जिम्नॅस्टिक्स मंडळाबाबत तसाच निकाल दिला. म्हणून आमचा निधी सगळ्या टीमच्या प्रवेशशुल्कात जातो. कमी राबणाऱ्यांनाही फायदा होतो, होऊ दे.