शिडाच्या होडीला आऊटबोर्ड लावायचंय? आधी ट्रान्सम ठोकून बघा

गोव्यात मांडवीत नाहीतर झुवारीत छोटी फायबरची शिडाची होडी असली की कधीतरी मागे बाहेरून पाच-सहा हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड, लावायचा विचार येतोच, कारण वारा पडला आणि ओहोटी लागली की मग वल्ही मारत बसा. पण अशा बऱ्याच होड्यांचा ट्रान्सम, म्हणजे मागची उभी फळी, फक्त सुकाणू टांगण्यापुरता बनवलेला असतो. सहा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण पंचवीस किलोचं, नुसतं वजन फळी सहन करेल हो, पण चालू इंजिनात पंखा खालून पुढे ढकलतो, मग इंजिन धरणाऱ्या ब्रॅकेटचा खालचा भाग फळीला आत दाबतो आणि वरचा भाग तिला मागे खेचतो, रिव्हर्स टाकला की सगळं उलट. फळी अशी हलत राहिली की कोपऱ्यांत बारीक तडे जातात आणि तिथून पाणी आत.

तर आधी तपासणी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आली तिथे आतल्या बाजूने पाच एमएमचं भोक पाडा आणि बिटाला काय लागतंय ते बोटांत चुरडून बघा, फिकट कोरडा भुसा आला तर ठीक, काळपट ओला लगदा आला आणि आंबूस वास आला तर फायबरच्या आतली प्लाय गेली. कुजणं बहुतेक वेळा भोकांपासूनच सुरू होतं, ड्रेनचं भोक, सुकाणूचे बोल्ट, शिडी लावायला कोणीतरी असेच मारलेले स्क्रू. त्यामुळे "वरून दोन थर फायबर मारून देतो" म्हणणाऱ्याला सरळ नको म्हणा, आतलं ओलं आतच राहतं आणि पैसे पाण्यात.

काम पावसात काढू नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ट्रॉलरवाल्यांची कामं निघतात, आणि हवेत इतका दमटपणा असतो की लाकूड काही सुकत नाही. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचा काळ बरा.

कापायचं शक्यतो आतून, म्हणजे बाहेरचं जेलकोट, फायबरवरचा रंगीत चकचकीत थर, शाबूत राहतं. कडेला दोन-तीन इंच पट्टी सोडून ग्राइंडरने फक्त आतली फायबरची साल कापा आणि कुजकी प्लाय पटाशीने काढा. मग सुकवा, आणि सुकलं की नाही ते अंदाजाने ठरवू नका. उघड्या भागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून उन्हात ठेवा, आतून थेंब जमले तर अजून थांबा.

प्लाय घेताना त्यावर आयएस 710 चा शिक्का बघा, ती मरीन प्लाय. आयएस 303 ची स्वस्त पडते पण ती घरातल्या कपाटाला. 18 एमएमचे दोन थर केले की फायबर धरून साधारण दीड इंच जाडी होते, छोट्या इंजिनाच्या क्लॅम्पला ती चालते. फळीला बाक असेल तर 9 एमएमचे चार थर लावा, वाकतात. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या.

रेझिन, म्हणजे फायबर आणि प्लाय चिकटवणारं रसायन, इथे इपॉक्सीच वापरा, पॉलिस्टर नको, जुन्या फायबरवर पॉलिस्टरची पकड कच्ची असते. तरीही कोणी पॉलिस्टर वापरत असेल तर दुकानात तीन बाटल्या देतात, रेझिन, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट, त्यातलं कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं ते वजनकाट्यावर मोजून घ्या, डोळ्याने नको. आपल्या उकाड्यात मिश्रण डब्यात तसंच ठेवलं तर बघता बघता धुरायला लागतं, म्हणून थोडं थोडं बनवून पसरट ट्रेमध्ये ओता.

जुना पृष्ठभाग आधी ॲसिटोनने पुसा, मग घासा. उलट केलंत तर वरचा मेणचट थर घासून आत जातो. प्लायच्या सगळ्या कडांना पातळ इपॉक्सी पाजा, नंतर सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी खाचांच्या पत्र्याने पसरा आणि फळी दाबून बसवा. हे संध्याकाळी करा, ऊन उतरताना. लाकूड गार होत असलं की रेझिन आत ओढून घेतं, सकाळी तापत असलं की आतली हवा बुडबुडे काढते.

फळी आणि हलच्या, म्हणजे होडीच्या अंगाच्या, कोपऱ्यात त्याच घट्ट इपॉक्सीची गोल कड भरा, काटकोन ठेवू नका. त्यावर कापडाचे तीन-चार थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा, बाजूंना सहा इंच तरी चढवा. कापड विणलेलं किंवा बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) घ्या, साधी चॉप मॅट, म्हणजे तुटक धाग्यांची चटई, इपॉक्सीत नीट विरत नाही. ट्रान्समपासून तळापर्यंत दोन तिरके गुडघे, म्हणजे त्रिकोणी प्लायचे आधार, फायबर करून बसवले की खरी ताकद येते. नुसत्या जाड फळीपेक्षा हे मला जास्त पटतं.

आता ब्रॅकेटचे बोल्ट. आठ एमएमचा बोल्ट असेल तर आधी तेरा-चौदा एमएमचं भोक पाडा, मागून टेप लावा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की मधोमध आठ एमएमचं परत पाडा. म्हणजे सीलंट कधी फाटलंच तरी पाणी प्लायपर्यंत जात नाही. ही पायरी कारागीर हमखास गाळतात, समोर उभं राहून करून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ए4 कोरलेलं असेल तर ते 316 स्टील, ए2 असेल तर 304, खाऱ्या पाण्यात पहिलंच घ्या, आणि चुंबकाने हा फरक कळत नाही. आतून वॉशरऐवजी चांगली पट्टी लावा. सिलिकॉन नको, पॉलीयुरेथेन सीलंट वापरा.

इंजिन घेण्याआधी फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा, त्यावर शाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या खाली जाणाऱ्या दांड्याची, लांबी ठरते. शॉर्ट शाफ्ट 15 इंच, लाँग 20, एक्स्ट्रा लाँग 25. शिडाच्या होडीला लाँगच बरा, नाहीतर लाटेवर मागचा भाग उचलला की पंखा हवेत गरगरतो. सुकाणू पूर्ण वळवून ते पंख्याला लागत नाही ना तेही जमिनीवरच बघा. नोंदणीचं काय लागेल ते पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा.

पहिल्यांदा चालवताना जेट्टीला दोर बांधून अर्ध्या थ्रॉटलवर पुढे-मागे करून बघा, कोणालातरी आतून कोपऱ्यांवर बोट ठेवायला सांगा. फळी हलताना जाणवली तर गुडघे कमी पडले समजा. दोन-चार फेऱ्यांनंतर बोल्ट परत आवळा, आणि क्लॅम्पचे स्क्रू सैल होतात म्हणून इंजिनाला साखळी किंवा दोर बांधलेलाच ठेवा.