स्वतःची मोटरबोट घ्यावी का, हे कसे ठरवावे

मुंबई–अलिबाग पट्ट्यात ज्यांचे घर आहे किंवा शनिवार-रविवारचे जाणे-येणे आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब. डोळ्यांपुढे बोट धरली आहे ती १९ ते २१ फुटांची, उघडी, फायबरची, पाच-सहा माणसांची, मागे ११५ अश्वशक्तीच्या आसपासचे पेट्रोलचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेले, इंजिन. केबिनवाली मोठी यॉट घेणाऱ्याकडे हिशेब ठेवायला वेगळा माणूस असतो, त्याला सोडून देऊ.

सुरुवात हेतूपासून करा. नुसते मांडव्याला लवकर पोहोचायचे असेल तर बोट घेऊ नका. गेटवेहून लाँच आहेत, भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून रो-रो गाडीसकट नेते आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. बोट घ्यायची ती पाण्यावर असण्यासाठी: पहाटे खांदेरी-उंदेरीच्या आसपास गळ टाकून बसायला, करंजाच्या खाडीत हळूहळू आत शिरायला, पोरांना सुकाणू हातात द्यायला. हे आवडते की नाही, ते एक हंगाम भाड्याची बोट घेऊन तपासा. तीन-चार फेऱ्यांनंतर घरच्या किती जणांना पुन्हा यावेसे वाटते, ते बघा.

फेऱ्या मोजा, मग पैसे

मे महिन्याचा मध्य ते सप्टेंबरअखेर छोट्या बोटीला समुद्र बंद धरा. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत हंगाम उघडतो, पण हौशी माणसाने ऑक्टोबरपर्यंत थांबलेले बरे. उरतात साधारण ३२ आठवडे. त्यातून लग्ने, परीक्षा आणि वाऱ्याचे दिवस वजा करा. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो आणि पाण्यावर आखूड, आपटणाऱ्या लाटा उठतात. म्हणून पहाटे निघून बारा-एकच्या आत परतायचे. त्यात भरती-ओहोटीचा मेळ हवा. मुंबईत मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी जवळजवळ पाच मीटरने वरखाली होते आणि ओहोटीला खाडीतल्या धक्क्यासमोर नुसता चिखल उरतो. म्हणजे ज्या रविवारी तुम्हाला सुट्टी, त्या रविवारी पाण्यालाही सुट्टी असू शकते. २० फेऱ्या झाल्या तर चांगल्या झाल्या म्हणायचे.

आता आकडा मांडू. समजा बोट, इंजिन, ट्रेलर, लाइफ जॅकेट, नांगर, व्हीएचएफ रेडिओ (पाण्यावरून बोलायचा) सगळे धरून ३० लाखांना पडली. (हौशी बोटींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. कोटेशनमध्ये तो धरला आहे का, हे आधी विचारा.) देखभाल, जागाभाडे, विमा मिळून वर्षाला किमतीच्या १० टक्के हा जुना ठोकताळा आहे. खाऱ्या पाण्यात आणि पगारी खलाशी ठेवल्यास तो ओलांडला जातो. तरी तीन लाख धरा. किमतीतली घट तेवढीच धरली तर सहा लाख झाले. २० फेऱ्यांना भागा: फेरीला ३० हजार. ४० फेऱ्या केल्यात तर १५ हजार.

पेट्रोलची धास्ती सगळ्यांना असते, पण या हिशेबात ते सर्वांत लहान कलम आहे. असे इंजिन पूर्ण वेगात तासाला ४० लिटरच्या आसपास पिते. मिनिटाला ४,००० आवर्तनांच्या (आरपीएम) आसपास चालवले तर साधारण २०. गेटवे ते मांडवा वीस नॉटने (ताशी ३७ किलोमीटरने) साधारण अर्धा तास. जाऊन-येऊन, हळू चालण्यासकट, २५ ते ३० लिटर, म्हणजे तीनेक हजार रुपये. टाकी मात्र एका बाजूच्या तिप्पट हिशेबाने भरा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव.

पेट्रोलमधले इथेनॉल

आता पंपावर मिळणारे साधे पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. तुमच्या मॉडेलला ई-२० चालते का आणि त्याने वॉरंटी जाते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही साहेब’ला अर्थ नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी पुरेसे जमले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो आणि इंजिन नेमके तिथूनच खेचते. गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते, बोटीची महिनोन्‌महिने तशीच राहते. म्हणून पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, दर फेरीनंतर त्याच्या वाटीत पाणी दिसते का ते बघा आणि पावसाळ्याआधी टाकी उपसून कोरडी करा.

मीठ, शिंपले आणि प्लास्टिक

परत आल्यावर दर वेळी १० ते १५ मिनिटे गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचे. कंटाळा केला की थंडाव्याच्या बारीक वाटा मिठाने बुजतात. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेवा. धार मंदावली की थांबा. मुंबई बंदरात बहुतेक वेळा आत जाणाऱ्या पाण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसलेली असते. पिशवी नसेल तर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चाक) गेला. तो झिजायची वाट न बघता दरवर्षी बदला. पहिली सर्व्हिसिंग २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. जस्ताचे अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी गंज झेलणारे तुकडे) निम्मे झिजले की बदलायचे. ते संपले की गंज इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमवर चढतो. कोळ्यांच्या डोल जाळ्यांच्या दोरांत इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) अडकतो, म्हणून धारदार सुरी, जादा पंखा, त्याचा नट आणि कॉटर पिन बोटीतच ठेवा.

बोट पाण्यात नांगरून ठेवली तर आपल्या उबदार पाण्यात काही आठवड्यांतच बुडाला बार्नॅकल, म्हणजे ते पांढरे धारदार शिंपले, चिकटतात. वेग घटतो आणि पेट्रोल वाढते. त्यावर दरवर्षी खरवडणे आणि अँटिफाउलिंग, म्हणजे शिंपले धरू न देणारा, रंग. ट्रेलरवर ठेवली तर हा खर्च वाचतो, पण बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन दीड टनाच्या पुढे जाते. ओढायला दमदार गाडी आणि उताराचा धक्का हवा. ट्रेलरच्या बेअरिंगला दर खेपेनंतर ग्रीस द्यावेच लागते.

पावसाळ्यात बोट वर काढून शाकारून ठेवा, बुडाचा पाणी काढायचा बूच उघडा ठेवून. पाण्यात सोडलेली बोट लाटेने क्वचित बुडते, पावसाच्या पाण्याने बुडते. पाऊस पडत राहतो, बोटीतले पाणी उपसणारा पंप चालत राहतो, बॅटरी उतरते आणि सकाळी फक्त दोर वर दिसतो.

कागद आणि जुनी बोट

नोंदणी, तपासणी आणि चालवण्याचा परवाना यांसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे चौकशी पैसे देण्याआधी करा. भाड्याने देऊन खर्च काढू, हा बेत असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत. जॅकेट माणशी एक आणि अंगावर: डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’च्या दुर्घटनेनंतर हे वेगळे सांगायची गरज नसावी.

जुनी बोट स्वस्त दिसते. ज्या आडव्या फळीवर इंजिन टांगलेले असते तिच्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. टणत्काराऐवजी भद्द आवाज आला तर आतले लाकूड कुजले आहे. इंजिनाचा पाय (पाण्यात राहणारा खालचा भाग) धरून वर-खाली करा, फळी हलली तर सौदा सोडा. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करा: दुधाळ तेल आले तर सील गेले. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये (आतल्या दाबात) १० टक्क्यांहून जास्त फरक नको. चार वर्षे ‘फक्त उभीच होती’ म्हणून कोणी विकत असेल तर किंमत आणखी पाडून मागा.

दोघा-तिघांत घेणे हा खर्च कमी करायचा सरळ मार्ग आहे आणि बोट नियमित फिरल्याने इंजिनही नीट राहते. फक्त चार गोष्टी स्टॅम्पपेपरवर लिहा: डिसेंबरअखेरचे आणि होळीचे दिवस कोणाचे, धुण्याची जबाबदारी कोणाची, चालवताना पंखा आपटला तर पैसे कोणी भरायचे, आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा.