गावाच्या पाणलोटाला निधी कसा मिळवायचा (सोलापूरवाल्यांसाठी)

"बंधाऱ्याला पैसे कोण देतंय सांगा की" असं सांगोला, मंगळवेढा, करमाळा भागातली पोरं सारखी विचारतात, पण सगळा पाणलोट, म्हणजे माथ्यापासून ओढ्यापर्यंत पावसाचं पाणी वाहून येतं ते रान, सोडून नुसता बंधारा मागितला की फाईल तिथंच पडते. माथ्यावर समपातळी चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) नाहीत, शेतात बांधबंदिस्ती (माती-पाणी अडवायला घातलेले बांध) नाही आणि खाली सिमेंटचा बांध घातला तर तो गाळानंच भरणार, हे देणाऱ्यालाही कळतं ना. म्हणून आधी गावाचा गट नकाशा (जमिनींचे गट नंबर दाखवणारा) घ्या, माथ्यापासून ओढ्यापर्यंत पायी फिरा आणि काय कुठं करायचं ते नकाशावर खुणा करून आणा. जुना गळका बंधारा असेल तर दुरुस्ती यादीत सगळ्यात वर, माझ्या मते एवढं स्वस्त काम दुसरं नाही.

आता पैसा. नाबार्डकडं (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) जायचं तर गावाची तयारी लागते. 1992 ला नाबार्डमार्फत सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावानं आधी चार दिवस श्रमदान करून दाखवायचं आणि पुढं अकुशल मजुरीच्या 16 टक्के वाटा श्रमदानातून उचलायचा अशी अट होती, तेव्हा ग्रामसभेतच सगळ्यांना हे स्पष्ट सांगा, नंतर कुरकुर नको. ग्राम पाणलोट समितीत (गावात हे काम बघणारी समिती) वरच्या रानातले लोक घ्याच, चर त्यांच्याच रानात पडणारेत आणि पाणी खालच्याला.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) पैसा समितीच्या खात्यावर थेट येईल असं धरू नका, सीएसआर-1 नोंदणी (असा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंद) आणि तीन वर्षांचा अनुभव असलेली संस्था सोबत घ्या. सरकारी पीएमकेएसवाय (प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजना) पाणलोटात सपाट भागाला हेक्टरी 22,000 पर्यंत खर्च धरतात, म्हणजे 500 हेक्टरला 1 कोटी 10 लाख, पण तिथं गावं वरूनच निवडतात, म्हणून कृषी कार्यालयात विचारत रहा. तलावातला गाळ काढायचाय तर राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना बघा, 2023 च्या निर्णयात मशीन-डिझेलला घनमीटरला 31 रुपये आणि अल्पभूधारकाला गाळ पसरायला एकरी 15,000 पर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकराला. एकच काम दोन योजनांत दाखवू नका, तपासणीत सापडतंच.

प्रस्तावात भाषण कमी, आकडे जास्त. पाच-सहा विहिरी निवडा, काठावर ऑइलपेंटनं खूण करा, त्याच खुणेपासून पाण्यापर्यंत दोरी सोडून मोजा, ऑक्टोबरला एकदा आणि मे ला एकदा, तारखेसकट वहीत लिहा. शेजारी त्या वर्षीचा पाऊसही लिहा, आपल्याकडं सरासरीच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यात एखादं वर्ष धो धो पडलं की चरांमुळं पाणी वाढलं म्हणून तुम्ही सांगाल आणि साहेब तिथंच पकडतील.

गाळाचं काम असेल तर अर्ज दिवाळी झाली की टाका. तलाव आटल्यावर धावपळ केली तर मंजुरी येईस्तोवर मृग लागतो.