मोटरचा तुकडा सोडवताना वॅटचा हिशोब चुकवू नका

मोटरचं चुंबकीय क्षेत्र आणि तापमान संगणकावर काढताना अख्खी मोटर न घेता तिचा पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा, म्हणजे सेक्टर, घेतात. तो केवढा घ्यायचा, हा भाग सोपा आहे. स्लॉट (स्थिर भागातल्या, म्हणजे स्टेटरमधल्या, तारांच्या खाचा) आणि पोल (फिरत्या रोटरचे चुंबकीय ध्रुव) यांच्या संख्यांचा मसावि काढायचा. २००४ च्या टोयोटा प्रियसची मोटर घ्या. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ती उघडून मोजमापं प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे शिकायला फार चांगली. ४८ स्लॉट, ८ पोल, मसावि ८. म्हणजे ४५ अंशांचा आठवा भाग पुरतो. त्यात पोल एकच, म्हणजे विषम, म्हणून दोन्ही कडांवर अँटी-पिरिऑडिक अट लावायची: एका कडेवरचं क्षेत्र दुसरीवर तेवढंच, पण उलट चिन्हाचं. १२ स्लॉट ८ पोल असेल तर मसावि ४, सेक्टरमध्ये २ पोल, साधी पिरिऑडिक अट, म्हणजे चिन्हही तेच. १२ स्लॉट १० पोलला अर्धी मोटर, त्यात ५ पोल, पुन्हा अँटी-पिरिऑडिक. ९ स्लॉट ८ पोलला मसावि १ येतो. तिथे पूर्ण मोटरच सोडवावी लागते, पळवाट शोधू नका. मसावि काढला तरी वाइंडिंगचा (तारांच्या गुंडाळीचा) नकाशा ताडून पाहायचाच: पुढच्या सेक्टरमध्ये त्या त्या जागी तीच फेज यायला हवी, पिरिऑडिक असेल तर त्याच दिशेने आणि अँटी-पिरिऑडिक असेल तर उलट.

रोटरची कड दोन पोलांच्या मधोमध ठेवा. चुंबक मधून कापला, तर ‘या चुंबकातल्या एडी करंटची (आतल्या आत फिरणाऱ्या प्रवाहांची) बेरीज शून्य’ ही अट अर्ध्या तुकड्यावर लागते आणि चुंबकातला लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती, चुकतो. दोन्ही कडांवरचा मेश (गणितासाठी पाडलेली बारीक जाळी) हुबेहूब सारखा असू द्या. अर्धा पोल आणि आरशासारखी सिमेट्री हा मोह मात्र टाळाच. नो-लोडला, रोटर नेमका सममित जागी असताना, ते चालतं. स्टेटरमध्ये करंट आला आणि रोटर फिरू लागला की ती सिमेट्री उरत नाही.

इथवर बहुतेक जण नीट येतात. घसरतात ते पुढे, विद्युतचुंबकीय मॉडेलमधला लॉस थर्मल, म्हणजे तापमानाच्या, मॉडेलमध्ये नेताना.

उष्णतेला चिन्ह नसतं. त्यामुळे थर्मल सेक्टर खूप लहान घेता येतो: स्लॉटच्या मध्यापासून दात्याच्या (दोन स्लॉटांमधल्या लोखंडाच्या) मध्यापर्यंत ३.७५ अंश, आणि लांबीतही अर्धाच. कापलेल्या सगळ्या पृष्ठभागांवर उष्णता ओलांडत नाही अशी अट. म्हणजे ४८ × २ × २ = १९२; मोटरचा एकशेब्याण्णवावा भाग. चुंबकीय मॉडेल १/८, थर्मल १/१९२, आणि मध्ये सॉफ्टवेअर. ते लॉस कधी सेक्टरचा दाखवतं, कधी सिमेट्रीचा गुणक लावून पूर्ण मोटरचा. शिवाय द्विमितीय मॉडेलला एंड वाइंडिंग (स्लॉटांबाहेर दोन्ही टोकांना वळणारी तार) माहीतच नसतं.

म्हणून आधी कागदावर आकडा काढा. समजा चालू तापमानाला फेजचा रोध ०.०२ ओहम आणि करंट १५० अँपिअर आरएमएस. कॉपर लॉस ३ × १५०² × ०.०२ = १३५० वॅट. तारेची ४५ टक्के लांबी एंड वाइंडिंगमध्ये असेल, तर स्लॉटमधले ७४२.५ वॅट आणि बाहेरचे ६०७.५. तुमच्या थर्मल तुकड्याला स्लॉटमध्ये ३.८७ वॅट आणि एंड वाइंडिंगमध्ये ३.१६ वॅट मिळायला हवेत. एसी लॉस (बदलत्या करंटमुळे तारेत होणारा जादा लॉस) आणि लोखंडातला लॉस यांत नंतर मिळवा. हे दोन आकडे वहीत नसतील तर सॉल्व्हचं बटण दाबू नका.

आठपटीची चूक लपत नाही. ६० अंशांची वाढ ४८० दिसली की कोणीही थांबतं. घात करते ती दुपटीची चूक. लांबीतला अर्धा भाग आधीच धरलाय हे विसरून लॉस पुन्हा दोनने भागला, की ६० ची वाढ ३० होते. कूलंट ६५ अंशांवर असेल तर वाइंडिंग १२५ ऐवजी ९५ दिसतं. आकडा अगदी पटण्यासारखा, रंगीत चित्रही सुंदर. दर १० अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, या ढोबळ नियमाने तुम्ही आयुष्य आठपट फुगवून सांगितलेलं असतं.

‘मॉडेलमध्ये आत गेलेली आणि बाहेर पडलेली उष्णता जुळते आहे ना’ ही तपासणी इथे कामाची नाही. चुकीचे वॅट दिले तरी ती जुळतेच. बाहेर पडणारी उष्णता १९२ ने गुणा आणि वहीतल्या एकूण लॉसशी ताडा. घाबरू नका, हे पाच मिनिटांचं काम आहे आणि दुपटीची चूक यात हटकून सापडते.

सीनियरची जुनी फाइल उघडून फक्त भूमिती बदलणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यातले गुणक कोणत्या मोटरचे, हे कोणालाच आठवत नसतं. मार्गदर्शक निवडता आला, तर मेश सुंदर करणाऱ्यापेक्षा वॅट हाताने मोजायला लावणारा निवडा.

कूलिंगच्या अटी नेतानाही जपा. प्रति चौरस मीटरचा उष्णता-संक्रमण गुणांक तसाच राहतो. पण पूर्ण मोटरचा थर्मल रोध केल्व्हिन प्रति वॅटमध्ये मिळाला असेल तर तुकड्यासाठी १९२ ने गुणायचा, उष्णताधारकता आणि कूलंटचा प्रवाह १९२ ने भागायचा.

काही ठिकाणी तुकडा खरा राहतच नाही. एकाच टोकाला पंखा असेल तर लांबीतली अर्धी सिमेट्री गेली. तेल वरून ओघळत असेल तर वरचे आणि खालचे स्लॉट सारखे नाहीत. जॅकेटमध्ये कूलंट आत येतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या तापमानात मोठा फरक असेल, तर लहान तुकडा सरासरी सांगतो, सगळ्यात गरम जागा नाही.

आणि स्टॉल, म्हणजे गाडी चढावर मोटरच्या जोरावर उभी धरलेली असते तेव्हा. करंट फिरत नाही, जिथे आहे तिथे थांबतो. वाईटात वाईट स्थितीत एका फेजमध्ये शिखर करंट, बाकी दोघींत त्याच्या निम्मा. लॉस करंटच्या वर्गावर जातो, म्हणून एका फेजला पूर्ण आणि दोघींना पाव-पाव. तिघींची सरासरी निम्मी. एक-स्लॉट मॉडेलला ही सरासरी दिली, की गरम फेजचा लॉस निम्माच धरला जातो. अशा वेळी ६ स्लॉटांचा पूर्ण पोल घ्या, प्रत्येक फेजच्या स्लॉटांना तिचा स्वतःचा लॉस द्या, कडांवर साधी पिरिऑडिक अट लावा आणि ट्रान्झिएंट, म्हणजे वेळेनुसार तापमान कसं चढतं याचं गणित, चालवा.