निगेटिव्ह लिहिण्याआधी

इम्युनोलॉजी लॅबमध्ये लागले त्या पहिल्याच वर्षी मी एका आजोबांचा रिपोर्ट निगेटिव्ह लिहून मोकळी झाले होते. फॉर्मवर 'बुलस पेम्फिगॉइड?' एवढंच होतं, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडींमुळे त्वचेवर फोड येणारा एक आजार. सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा केलेला पातळ भाग) माकडाच्या अन्ननलिकेच्या स्लाइडवर लावलं, मायक्रोस्कोपखाली ठळक काही दिसेना, लिहून टाकलं. रिपोर्ट बाहेर जायच्या आधी सिनियर मॅडमनी तेच सीरम सॉल्ट-स्प्लिट स्किनवर, म्हणजे मिठाच्या पाण्याने थर सुटे केलेल्या त्वचेवर, लावलं आणि मला अंधाऱ्या खोलीत हाक मारली. 'बघ.' फटीच्या वरच्या काठाने हिरवीगार रेघ, पेनाने ओढावी तशी.

या कामात नवीन असाल तर ही फट आधी समजून घ्या. निरोगी त्वचेचा तुकडा 1 मोलर मिठाच्या पाण्यात ठेवला की वरचा थर खालच्या थरापासून सुटतो. मग त्यावर पेशंटचं सीरम, त्यानंतर पेशंटच्या अँटिबॉडीला चिकटणारी, हिरवं चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी. रेघ फटीच्या छताला, म्हणजे वरच्या थराला, चिकटली तर कल पेम्फिगॉइडकडे. तळाला चिकटली तर एपिडर्मोलिसिस बुलोसा अक्विझिटासारखे फोडांचे वेगळे आजार मनात यायला हवेत. तिथे अँटिबॉडी टाइप 7 कोलॅजन या त्वचेतल्या प्रथिनावर धरते. शिवाय पेम्फिगॉइडच्या अँटिबॉडी अख्ख्या अन्ननलिकेपेक्षा इथे जास्त वेळा सापडतात. मला फॉर्म वाचून स्लाइड निवडायची अक्कल नव्हती, एवढंच.

पेम्फिगस या फोडांच्या दुसऱ्या आजाराला मात्र तीच अन्ननलिका छान चालते. रक्तात या अँटिबॉडी असतात हे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी 1964 मध्ये याच पद्धतीने दाखवलं. पेशी-पेशींच्या मधल्या जागेत हिरवी रेषा येते, मासे धरायच्या जाळ्यासारखी. एकदा पाहिली की विसरत नाही. पण पहिल्या डायल्यूशनला (सीरम सगळ्यात कमी पातळ केलेलं असताना) जाळं फिकट दिसलं म्हणून स्लाइडवरचा पुढचा, जास्त पातळ सीरमचा खळगा बघायचा सोडू नका. अँटिबॉडी फार जास्त असली तर कमी पातळ केलेलं सीरमच फसवतं, आणि आणखी पातळ केल्यावर जाळं उजळतं. याला प्रोझोन म्हणतात. पुस्तकात दोन ओळी असतात, प्रत्यक्षात घाम फोडतो.

आता बऱ्याच ठिकाणी एलायझा, म्हणजे अँटिबॉडी आकड्यात मोजणारी तपासणी, आधी होते: पेम्फिगससाठी डेस्मोग्लीन 1 आणि 3, पेम्फिगॉइडसाठी बीपी 180, या त्वचेतल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी. फक्त तोंडात जखमा असतील तर सहसा एकटं डेस्मोग्लीन 3 वाढलेलं असतं, त्वचेवरही फोड आले की बहुतेकदा 1 पण. हे जुळत नसेल तर आधी ट्यूबवरचं नाव तपासा. आकडा खाली येतोय की वर, हे त्याच पेशंटच्या मागच्या आकड्याशी, त्याच किटवर ताडून बघायचं. पेशंट बरा दिसत असताना डेस्मोग्लीन 3 रेंगाळलेलं मी कितीदा पाहिलंय.

एएनएबद्दल, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीबद्दल, माझं मत जरा तिखट आहे. अंगावर कसलाही चट्टा दिसला की तो मागवला जातो. 1:40 ला, म्हणजे सीरम चाळीस पट पातळ केल्यावर, निरोगी माणसांतही जवळपास 30 टक्के पॉझिटिव्ह निघू शकतात, 1:160 ला साधारण 5 टक्के. त्यामुळे नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहून पाठवणं म्हणजे घाबरवणं. टायटर (किती पातळ केल्यावरही पॉझिटिव्ह राहतं) आणि पॅटर्न (पेशीत चमक कशी दिसते) लिहाच. उलटी बाजूही आहे: ल्यूपस या ऑटोइम्यून आजाराच्या उन्हाने वाढणाऱ्या चट्ट्यांत अँटी-रो नावाची अँटिबॉडी असूनही एएनए निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा अँटी-रोची तपासणी वेगळी करावी लागते. सोरायसिस आणि कोड यांचं निदान मात्र कुठल्याच रक्ततपासणीने ठरत नाही.

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या गव्हातल्या ग्लूटेनशी जोडलेल्या, खाज सुटणाऱ्या आजारासाठी टीटीजी आयजीए ही अँटिबॉडी तपासताना एकच प्रश्न विचारा: गहू बंद केलाय का? महिनोन्‌महिने बंद असेल तर निगेटिव्हला अर्थ उरत नाही. रक्तात आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडीच एकूण कमी असतील तरी तेच.

ट्यूबचंही सांगते. साधं सीरम असेल तर रक्त अर्धा तास गोठू द्या, घाई करून फिरवू नका. क्रायोग्लोब्युलिनची (थंडीत साकळणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) ट्यूब मात्र 37 अंशांवरच हवी, काढल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत. ती एकदा टेबलावर राहिली की शोधायची प्रथिनं थंड होऊन गुठळीबरोबरच जातात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

आजोबांच्या प्रकरणानंतर मी फोन करायला लागले. फोड टणक आहेत की लुळे? तोंडात जखमा? स्टेरॉइड कधीपासून? सुरुवातीला पलीकडून वैतागलेला आवाज यायचा. आता फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहूनच येतं: फोड टणक, तोंड स्वच्छ, औषध अजून सुरू नाही.