सर्वसाधारण वेस्टर्न चित्रपट कसा जोखावा

वेस्टर्न चित्रपटांची, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील जुन्या काळातल्या घोडेस्वार-बंदुकांच्या चित्रपटांची, पारख करायला शिकायचे असेल, तर सुरुवात अजोड मानल्या गेलेल्या चित्रपटाने करू नये, कारण तिथे आपण भारावून जातो आणि उणिवा नजरेआड होतात. त्यापेक्षा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांचा १९३९ सालचा रंगीत ‘डॉज सिटी’ घ्यावा. त्याच वर्षी जॉन फोर्ड यांचा नावाजलेला वेस्टर्न ‘स्टेजकोच’ही आला, त्यामुळे ताडून पाहण्यास मापही हाताशी असते.

पहिल्या खेपेस कथा बाजूला ठेवून केवळ हालचालींकडे लक्ष द्यावे, कारण या प्रकाराचे खरे बळ तिथेच असते. आरंभी आगगाडी आणि घोडागाडी यांची शर्यत लागते. जुना काळ मागे पडत आहे हे पात्रांच्या भाषणांपेक्षा त्या शर्यतीतून अधिक ठसते. सलूनमधली मारामारी तर दोनदा पाहावी. (सलून म्हणजे इथे दारूचा गुत्ता, केशकर्तनालय नव्हे.) अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या गाण्यांवरून दोन गट हमरीतुमरीवर येतात, बघता बघता सगळे सलून मोडकळीस येते, आणि दारू सोडून महिलांच्या सभेत बसलेला नायकाचा मित्रही त्यात ओढला जातो. एवढ्या गर्दीतही कोण कोणाला मारतो आहे हे कळते का, ते तपासावे. माझ्या मते कळते, आणि हे कसब सामान्य नव्हे.

दुसऱ्या खेपेस पात्रे तपासावीत. नायक शेरीफचा, म्हणजे कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याचा, बिल्ला नाकारतो आणि एका लहान मुलाचा अपघाती मृत्यू झाल्यावर तो स्वीकारतो. असा निर्णय नायकाच्या स्वभावातून आला की पटकथेच्या सोयीतून, हे स्वतःला विचारावे. एरॉल फ्लिनचा नायक पहिल्या दृश्यापासूनच निर्दोष असल्यामुळे त्याच्यात बदलण्यासारखे काही उरतच नाही. फ्लिन ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मलेले. त्यांचे उच्चार खपावेत म्हणून नायकाला आयरिश ठरवले आहे, ही पळवाट मात्र गमतीदार आहे. खलनायकही तितकाच एकरंगी आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंड यांच्या नायिकेला निदान वृत्तपत्रातले काम तरी मिळते; अॅन शेरिडन यांच्या वाट्याला गाण्यांपलीकडे फारसे काही येत नाही.

शेवटी दोषांची वर्गवारी करावी, कारण बहुतेक परीक्षणे इथेच घसरतात. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्याच्या ज्या भूमीवर हे डॉज सिटी शहर उभे राहते, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एकही महत्त्वाचे पात्र ‘डॉज सिटी’त नाही, पण ‘स्टेजकोच’मध्येही अपाची या मूळ रहिवासी जमातीचे लोक जवळजवळ हल्लेखोर म्हणूनच येतात, म्हणजे हा दोष त्या काळच्या साऱ्या प्रकाराचा आहे. नायकाचा कोरेपणा मात्र तसा नाही. ‘स्टेजकोच’चा नायक तुरुंगातून पळालेला, सूडाने पेटलेला तरुण आहे, आणि तो पुढे काय करील याची आपल्याला शेवटपर्यंत धास्ती असते. तेव्हा पहिल्या दोषाची नोंद जरूर करावी, पण ‘डॉज सिटी’चे गुण कापावेत ते दुसऱ्या दोषासाठी.